एका नकाशाला एकच टिकली

कापलेल्या कागदाच्या पट्ट्या कुणी मुद्दाम साठवत नाही. दिवसभर कटर चालतो, पट्ट्या टेबलाखाली पडत राहतात, आणि शनिवारी झाडू हातात घेतला की कळतं, आयला, पोतंभर झाल्या की! आमच्या दुकानातले किस्से असेच साठले. मी जमवलेले नाहीत, फक्त झाडून बाहेर टाकले नाहीत. सांगायला कुणी असतं तर कधीच संपले असते. कॉलेजच्या ग्रुपमधून मी स्वतःच बाहेर पडलो आणि गावाकडच्या ग्रुपवर रोज सकाळी गुलाबाच्या फोटोखाली सुविचार येतात. तिथं काय बोलणार? म्हणून तुमच्यापुढं बसलोय.

दुकान साताऱ्यात. आम्ही भिंतीवर लावायचे नकाशे छापतो. शाळेतले नव्हेत, शोभेचे. डोंगर डोंगरासारखे रंगवलेले, कासच्या पठारावर फुलं, कोयनेचं निळं पाणी, घाटाची वळणं, असं सगळं भिंतभर. बंगला बांधला की हॉलची एक भिंत रिकामी सोडायची फॅशन आलीय. त्या भिंतीवर काय लावायचं यावरून घरात जे होतं, ते सगळं उरलंसुरलं आमच्या काउंटरवर येऊन होतं.

मालक अण्णा. मूळचे सांगलीकडचे जैन. वडिलांचा हळदीचा व्यापार सोडून छपाईत आले, तेव्हा वडील वर्षभर त्यांच्याशी बोलले नव्हते. ते अण्णा विसरले, आणि आता मला रोज ऐकवतात, "मोठ्यांचं ऐकावं माणसानं!" माझं नाव दुकानात कुणी घेत नाही. सांगलीला इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला सोडून आलो, म्हणून मी इंजिनियर. "ए इंजिनियर, दोन चहा सांग!" का सोडलं ते विचारू नका. सगळे विचारतात, आणि उत्तर एकालाही ऐकायचं नसतं.

अण्णांचा एक नियम आहे. नकाशा तयार झाला की गिऱ्हाइकाच्या गावावर लाल टिकली लावून द्यायची. खरीखुरी टिकली, कपाळाला लावतात ती. अण्णा बांगड्यांच्या दुकानातून पाकिटंच्या पाकिटं आणतात. पण एका नकाशाला एकच. "दोन लावल्या की माणूस बघतच राहतो, आपलं घर नक्की कुठलं!"

आमचंही घर बांधून होत आलंय. माण तालुक्यात, दहिवडीच्या पुढं. माझे वडील, आप्पा, मिलिटरीतून हवालदार म्हणून रिटायर झालेले. मी कॉलेज सोडल्याचं सांगितलं त्या दिवशी ते एकच वाक्य बोलले. "नव्या घरात तुझी खोली काढलेली न्हाई." त्यानंतर घराचा पाया झाला, भिंती आल्या, स्लॅब पडला. आमच्यात मात्र पुढचं वाक्य आलेलं नाही. मी दुकानाच्या मागच्या खोलीत राहतो. खोलीला एक खिडकी आणि चार भिंती. चारही कोऱ्या.

असो. किस्से.

* * *

एक रिटायर्ड गुरुजी आले होते. आल्या आल्या स्टूल ओढलं आणि माझी उलटतपासणी सुरू.

"शिक्षण?"

"सोडलं."

"हंऽऽ. आमच्या हातात असतास तर सोडलं नसतंस!"

मग पाऊण तास भूगोल. आयुष्यभर त्यांनी भूगोलच शिकवलेला. हल्लीच्या पोरांना आपल्या जिल्ह्यातल्या नद्या सांगता येत नाहीत, मोबाईलनं मेंदू खाल्ला, वगैरे वगैरे. मी समोर सातारा जिल्ह्याचा नकाशा पसरला आणि म्हटलं, "गुरुजी, टिकली कुठं लावू? गाव दाखवा तुमचं."

गुरुजींचं बोट निघालं. कोयनेत बुडलं, महाबळेश्वरला चढलं, फलटणला उतरलं, परत कोयनेत. चष्मा पुसून झाला. शेवटी म्हणाले, "तुमचा नकाशा चुकलाय."

गाव त्यांच्या अंगठ्याखालीच होतं. मी दाखवलं.

"असं जवळनं कधी बघितलंच न्हवतं हो," गुरुजी म्हणाले. "शाळेतला नकाशा मी कपाटातच ठेवायचो, गुंडाळून. पोरं फाडतात!"

* * *

माप हा आमच्याकडचा मोठा विषय. शहरातली माणसं भिंतीचं माप फोनवर टाइप करून आणतात. खेड्यातली सुतळी आणतात. भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुतळी धरायची, तिथं गाठ मारायची आणि ती खिशात घालून एसटीत बसायचं. टेपवर विश्वास नाही. "टेप काय, कुणी बी कसाबी धरतोय. सुतळी खोटं बोलत न्हाई!"

विट्याकडचे एक आजोबा असेच सुतळी घेऊन आले. मोजली तर साडेसहा फूट. मी म्हटलं, "आजोबा, भिंत एवढीच?"

"एवढी कशी आसंल? चांगली धा फूट हाय."

"मग सुतळी कमी का?"

आजोबा उठले, दारात ठेवलेलं ज्वारीचं पोतं ओढत आत आणलं. एसटीत पोत्याचं तोंड सुटलं होतं, म्हणून सुतळीचा तुकडा तोडून बांधलं होतं. पोतं लेकीला द्यायचं होतं, साताऱ्यात.

म्हटलं, "सोडून द्या तो तुकडा, मोजतो."

"सोडू नगंस! सांडंल. बांधल्यालीच मोज की. एवढं शिकलायस कशाला?"

पोत्याच्या तोंडाभोवतीचे वेढे आणि गाठी टेपनं मोजायला मला वीस मिनिटं लागली. तीन वर्षांत कॉलेजनं दिलेल्या कुठल्याही प्रॅक्टिकलपेक्षा ते अवघड होतं. आणि सांगतो, नकाशा भिंतीला तंतोतंत बसला!

* * *

सुभेदारसाहेब आणि त्यांची बायको. साहेबांना हिमालयाचाच नकाशा पाहिजे. बर्फाची शिखरं, खोल दरी, मधून वाकडी नदी. बघताक्षणी त्यांनी एका खिंडीवर बोट ठेवलं. "इथं. इथं टिकली लावा. इथं आपली पोस्ट होती."

काकू मागं उभ्या होत्या. म्हणाल्या, "आवं, ह्येंची टिकली तिथं. माझी कुठाय?"

अण्णा म्हणाले, "ताई, एका नकाशाला एकच."

"मग तवा मी कुठं हुती ते दावा की ह्यात!"

"तू घरी हुतीस," साहेब म्हणाले.

"व्हय. मग घर कुठाय ह्यात?"

एवढी वर्षं तो माणूस शत्रूपुढं उभा राहिला असेल, पण या प्रश्नापुढं त्यानं मान खाली घातली. शेवटी साताऱ्याचा नकाशा ठरला. टिकली घरावर लागली. काकू समाधानानं पायऱ्या उतरल्या.

साहेब मागं रेंगाळले. माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "बेटा, अजिंक्यताऱ्यावर थोडा बर्फ टाकता येतो का? थोडाच. हिला कळणार न्हाई असा."

* * *

आटपाडीचे एक तात्या पोराला घेऊन आले. पोरगा माझ्याच वयाचा, शिकलेला, नोकरी नाही. नकाशा आटपाडी तालुक्याचाच पाहिजे, पण सगळा हिरवा! आमच्या नकाशात ती बाजू तपकिरी आहे. माळरान तपकिरी असतं, त्याला मी काय करू?

"हिरवा कशाला?" मी विचारलं.

"पोराला स्थळं येत न्हाईत. दुष्काळी भाग म्हटलं की पाव्हणं गाडीतनं उतरतच न्हाईत. हॉलमदी बसल्यावर निदान समोर हिरवं तरी दिसू दे!"

मी पोराला विचारलं, "तुला कुठला आवडतोय?" तो काही बोलायच्या आत तात्या म्हणाले, "त्याला काय कळतंय!" पोरगा फरशीकडं बघत बसला. मला वाटलं उठून त्याच्या शेजारी बसावं. पण काउंटरच्या अलीकडं मी होतो आणि पलीकडं तो, आणि दोघांच्या डोक्यावर एकेक म्हातारा!

केला हिरवा. नारळ तेवढे टाकले नाहीत.

महिनाभरानं तात्यांचा फोन. "पाव्हणं आल्तं. नकाशा लय आवडला."

"मग? जमलं?"

"न्हाई वो. म्हणालं, हे तर कोकणातलं गाव दिसतंय, आमची पोरगी एवढी लांब न्हाई द्यायची!" मग म्हणाले, "हिरवं जरा कमी करून मिळंल का?"

* * *

सांगलीचं एक जोडपं. घर नदीपासून दोन गल्ल्या अलीकडं. त्यांना कृष्णेच्या खोऱ्याचा नकाशा हवा होता. बरोबर वास्तुशास्त्राचे जाणकार, कपाळाला गंध, हातात होकायंत्र, फी आधीच घेतलेली. जाणकारांनी नकाशा बघितला आणि डोळेच मिटून घेतले.

"नदी दाराकडं वाहतेय! घरातलं सगळं बाहेर नेणार ही. प्रवाह उलटा करा. पाणी घराच्या आत यायला पाहिजे."

अण्णा माझ्याकडं बघतायत, मी अण्णांकडं. कृष्णा उलटी वाहवायची! नवरा माना डोलावत होता. म्हणाला, "करा, महाराज म्हणतात तसं करा."

बायकोनं पर्स बंद केली आणि म्हणाली, "महाराज, एकदा आली होती ती आत. कपाटाच्या दुसऱ्या खणापर्यंत. आता जाऊ द्या तिला बाहेर!"

* * *

हा किस्सा हसायचा आहे की नाही, मला माहीत नाही.

आमच्याच माण तालुक्यातल्या एक मावशी आल्या. एकट्याच. दोन्ही पोरं मुंबईला. सुट्टीला येतात, दोन दिवस राहतात, जातात. पोरांनी घर बांधून दिलं, भिंतीला गुलाबी रंग दिला, आणि फोनवर सांगितलं, आये, काहीतरी चांगलं लाव हॉलमध्ये.

मावशींनी आमचा सगळ्यांत मोठा नकाशा घेतला, माणपासून समुद्रापर्यंतचा. पदराचं टोक हातात धरून बराच वेळ बघत राहिल्या.

"आपलं गाव ह्ये?"

"व्हय, मावशी."

"आन् म्हमई?"

मी वर डाव्या कोपऱ्यात बोट नेलं. मावशींनी गावावर एक हात ठेवला, मुंबईवर दुसरा. हात पुरेनात. वाकल्या, ताणून बघितलं, तरी पुरेनात.

"लय लांब हाय रं. जरा अलीकडं घे की."

"असं नाही घेता येत, मावशी."

"का? कागूद तुमचाच हाय न्हवं?"

मी कॉम्प्युटरवर मुंबई उचलली, समुद्रासकट, आणि दहिवडीच्या शेजारी आणून ठेवली. मागून अण्णा ओरडले, "ए इंजिनियर! नकाशा आहे का रांगोळी?" पण ओरडून झाल्यावर तेच म्हणाले, "छाप आता."

छापून झाल्यावर मावशींनी मधलं अंतर बोटांनी मोजलं. "चार बोटं," म्हणाल्या. "आता बरं झालं. ये म्हटलं की येतील."

* * *

मधेच माझं सांगतो, थोडक्यात.

छपाईत बिघडलेले नकाशे मागच्या खोलीत पडून असतात. कुठं निळा रंग सांडलेला, कुठं अर्धा जिल्हा पुसट. अण्णांनी मागं एकदा सांगितलं, "यातला कुठला पाहिजे तो लाव तुझ्या भिंतीला. कोरी भिंत बघून येड लागंल." रविवारी दुकान बंद असतं. मी सगळे पसरून बसलो. दिवसभरात दहा लोकांना सल्ले देतो, हॉलला हा घ्या, बेडरूमला तो घ्या, पडद्याला हा जाईल. स्वतःसाठी एक निवडता येईना. प्रत्येक नकाशात पहिल्यांदा नजर जायची ती दहिवडीच्या पुढं. मग गुंडाळून ठेवायचो. संध्याकाळी सगळे परत ढिगात. त्या रविवारी मी तोंडातून एक शब्द काढला नव्हता, हे सोमवारी "बोला, काय पाहिजे?" म्हणताना घसा खरखरला तेव्हा लक्षात आलं.

आई अधूनमधून फोन करते, आप्पा रानात गेले की. मागच्या खेपेला मी विचारलं, "घर कुठवर आलं?"

"रंग चाललाय. वर येक खोली काढलीया त्येंनी, खिडकी बी ठिवलीया."

"कुणाला?"

"म्हणत्यात, कांदा ठिवायचा तिथं."

बघा. माणसानं रिटायर होऊन घर बांधावं, त्यात कांद्याला स्वतंत्र खोली, खिडकीसकट!

* * *

आणि हा गेल्या आठवड्यातला.

सकाळची वेळ. अण्णा अगरबत्ती फिरवत होते. मी मशीनला रोल लावत होतो. पायऱ्यांवर बूट वाजले. पॉलिश केलेले, एका लयीत. मी मान वर केली नाही. ती लय मी ओळखतो. लहानपणी ती ऐकून पुस्तक उघडायचो.

आप्पा.

काउंटरपुढं ताठ उभे राहिले. मी पण उभा राहिलो. अण्णांना काहीच ठाऊक नाही. म्हणाले, "या, बसा की. इंजिनियर, पाहुण्यांना दाखव."

"बोला," मी म्हटलं. "काय पाहिजे?"

"हॉलला नकाशा पाहिजे. दहिवडीकडचा दाखवा."

दाखवा! उभ्या आयुष्यात या माणसानं मला 'घे', 'चल', 'बस' सोडून कधी अहो-जाहो केलेलं नाही. मी अल्बम उघडला. पानं उलटली. ते बघत होते अल्बमकडं, मी बघत होतो त्यांच्या मानेवरच्या सुरकुत्यांकडं. दोन वर्षांत वाढल्या होत्या. माझा काय संबंध?

"हा आहे," मी म्हटलं. "माणचा. बाजू तपकिरी येते. लोक हिरवा करून घेतात."

"हाय तसा द्या. खोटं कशाला?"

"माप?"

उजव्या खिशातून सुतळी काढली. नीट गुंडाळलेली, दोन गाठी, एक लांबीची, एक उंचीची. गाठी अशा पक्क्या, की वाटलं या घरात गाठ सैल मारायची पद्धतच नाही. मी मोजली. फाईल लावली. मशीन चालू झालं.

"अर्धा तास लागेल. चहा घेऊन या हवं तर."

गेले नाहीत. मशीनशेजारी येऊन उभे राहिले. नकाशा इंचाइंचानं बाहेर येत होता. आधी डोंगर, मग ओढे, मग ते तपकिरी माळ. मधेच कागद तिरका व्हायला लागला, मी रोल धरून सरळ केला, दाब कमी केला, परत चालू केलं. त्यांची नजर माझ्या हातावर होती.

"मशीन तुमीच चालवता?"

"व्हय."

"बिघडलं तर?"

"मीच उघडतो."

"हं."

एवढंच. नकाशा झाला. लॅमिनेशन झालं. मी गावावर टिकली लावली. गाव विचारावं लागलं नाही, म्हणून अण्णांनी चमकून माझ्याकडं बघितलं. गुंडाळी बांधली, पुढं सरकवली.

आप्पांनी ती काखेत घेतली. दोन पावलं गेले. थांबले. परत फिरले, आणि डाव्या खिशात हात घालून दुसरी सुतळी काउंटरवर ठेवली.

"ह्ये वरच्या खोलीचं माप."

माझ्या तोंडातून निघून गेलं, "कांद्याला नकाशा कशाला?"

आप्पांनी मशीनकडं बघितलं, कटरकडं बघितलं, मागच्या खोलीच्या अर्धवट उघड्या दाराकडं बघितलं. तिथून माझी कोरी भिंत दिसते.

अण्णांनीच विचारलं, "पाहुणं, कुठला छापायचा मग वरच्या खोलीला?"

"मला काय इचारताय?" आप्पा म्हणाले. "जो तिथं झोपणार, त्याला इचारा."

पायऱ्या उतरले. शेवटच्या पायरीवरून, मागं न बघता, आवाज आला.

"आन् टिकली त्यालाच लावू दे. घर कुठं हाय ते ध्यानात आसंल तर!"